ताराबाई, राजसबाई आणि कादंबरीतली दीड पाने

वारणाकाठ

नमस्कार. गेल्या आठवड्यात ताराबाईंच्या आयुष्यावरची एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी वाचून संपवली आणि त्यानंतर जी चुटपुट लागून राहिली आहे, ती मांडावी म्हणून हा धागा काढत आहे. कादंबरीचे नाव मुद्दाम देत नाही. नाव आले की चर्चा त्या लेखकाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे अशा दोन फळ्यांत विभागली जाते, हे आपण सर्वांनी अनेकदा पाहिले आहे. शिवाय मला जे खटकले ते या एकाच पुस्तकात आहे असेही नाही.

कादंबरी सुरू होते तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यावरच्या हळदीकुंकवाने. ताराबाई आणि राजसबाई या राजाराम महाराजांच्या दोन राण्या. एकीच्या नाकातली नथ दुसरीच्या डोळ्यांत सलते, कोणी दासी कानाला लागते, आणि तिथून सुरू झालेली धुसफूस पुढची चाळीसएक पाने चालते. हा भाग लेखकाने मन लावून लिहिला आहे हे मान्य केले पाहिजे. तबकातल्या हळदीला आलेला दमटपणा, परमुलखातल्या उकाड्यात अंगाला चिकटणारे लुगडे, मराठी बोलणारे माणूस भेटावे म्हणून आसुसलेल्या बायका, हे सगळे डोळ्यांसमोर उभे राहते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी, की याच दोन स्त्रियांमधली सर्वांत मोठी घटना, म्हणजे १७१४ साली पन्हाळ्यावर ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला कैद करून राजसबाईंनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले ती घटना, या सव्वाचारशे पानांच्या पुस्तकात दीड पानात उरकली आहे. आणि त्या दीड पानातही कारण म्हणून पुन्हा तीच नथ येते.

ज्यांना हा काळ चटकन आठवणार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या, त्यांचा मुलगा शिवाजी चार वर्षांचाही नव्हता आणि राजसबाईंचा संभाजी जेमतेम दोन वर्षांचा होता. आणखी एक राणी, अंबिकाबाई, सती गेल्या. औरंगजेब स्वतः दक्षिणेत तळ देऊन एकेक किल्ला घेत होता. अशा वेळी ताराबाईंनी मुलाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला आणि १७०७ मध्ये बादशहा मरेपर्यंत सात वर्षे तो चालवला. मोगल इतिहासकार खाफीखान हा काही मराठ्यांचा भाट नव्हे, पण या बाईच्या बुद्धीची आणि तिला असलेल्या मुलकी-लष्करी जाणकारीची दखल त्यालाही घ्यावी लागली. पुढे राजारामांचे पुतणे, म्हणजे थोरले बंधू संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या ताब्यातून सुटून आले, खेडच्या लढाईच्या वेळी ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव त्यांना मिळाले, जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला आणि ताराबाईंनी १७१० च्या सुमारास पन्हाळ्यावरून वेगळी गादी चालवायला घेतली. थोरली पाती साताऱ्याची आणि धाकटी पाती कोल्हापूरची, ती तेव्हापासून.

माझा प्रश्न साधा आहे. सवतीमत्सर हेच जर कारण असेल, तर ते १७०० साली होते आणि १७०७ सालीही होते. मग राजसबाईंनी चौदा वर्षे वाट का पाहिली, आणि १७१४ मध्येच असे काय घडले? कादंबरीकाराला हा प्रश्नच पडलेला नाही. तो पडला असता तर राजसबाई नावाचे एक माणूस त्या पुस्तकात जन्माला आले असते, असे मला वाटते.


मोडीवाचक

चांगला धागा. आपल्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर कालक्रमातच आहे. १७१३ च्या अखेरीस शाहूंनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिले, आणि ते मिळताच त्यांनी हाती घेतलेले काम म्हणजे कान्होजी आंग्रे यांना वळवणे. आंग्रे तोपर्यंत ताराबाईंच्या पक्षाचे होते आणि सगळी किनारपट्टी त्यांच्या जोरावर त्या पक्षाकडे होती. १७१४ च्या सुरुवातीला कान्होजींनी शाहूंशी तह केला. धनाजी जाधव आधीच शाहूंकडे गेले होते, आता आंग्रेही गेले, आणि पन्हाळ्याच्या दरबारात जे कोणी हिशेब मांडत बसले असतील त्यांना पुढचा अंक दिसू लागला असणार. राजसबाईंचा उठाव त्याच वर्षीचा आहे. त्यामागे बाळाजी विश्वनाथांचीही फूस होती, असे काही इतिहासकार मानतात.

दुसरे नाव रामचंद्रपंत अमात्यांचे. राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचा मुलूख ज्यांनी सांभाळला त्यांतले हे प्रमुख. १७०० साली मुलाच्या राज्याभिषेकाची गोष्ट निघाली तेव्हा, शाहू जिवंत असताना हे कसे करावे, अशी त्यांची शंका होती आणि परशुरामपंत प्रतिनिधींनी ताराबाईंची बाजू घेतली, असे सांगितले जाते. म्हणजे ताराबाईंच्या राज्यात रामचंद्रपंतांचे आसन पहिल्या दिवसापासून थोडे डळमळीतच होते. १७१४ नंतर पाहा. संभाजीराजांच्या कारकिर्दीत हेच पंत पुन्हा पुढे आलेले दिसतात, आणि राज्य कसे चालवावे याबद्दलचे ते प्रसिद्ध 'आज्ञापत्र' याच संभाजीराजांच्या नावाने निघाले आहे. वतनदारांपासून आरमारापर्यंत आणि गडावरच्या झाडांपासून परदेशी टोपीकरांपर्यंत सगळ्याची ज्यात व्यवस्था लावली आहे तो ग्रंथ ज्या दरबारातून निघाला, तो दरबार एका नथीवरून उभा राहिला असेल असे मानणे मला जड जाते.


पुसाटीबुरूज

मी पन्हाळ्याच्या पायथ्याचा. ताराराणीसाहेबांचा वाडा लहानपणापासून पाहिलेला आहे. त्या जुन्या वास्तूत शाळा भरते आणि मधल्या सुट्टीत मुले दगडी ओट्यांवर बसून डबे खातात. कोल्हापुरात कावळा नाक्याला ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे, त्या चौकालाही त्यांचेच नाव आहे. आमच्याकडे ताराराणी म्हटले की माणसाची मान आपोआप ताठ होते.

परंतु हा धागा वाचून प्रथमच मनात आले, की कोल्हापूरची गादी पुढे चालली ती राजसबाईंच्या मुलाकडून. ताराराणींचे पुत्र शिवाजी १७२६ च्या सुमारास कैदेतच वारले. म्हणजे ज्यांना आम्ही गादीच्या संस्थापिका म्हणून पुजतो त्यांच्या हातून ती गादी गेली, आणि जिच्या हाती आली तिचे नाव शहरात कुठे चटकन सापडत नाही. राजसबाई कागलच्या घाटग्यांच्या. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी, १८८४ मध्ये, कोल्हापुरास दत्तक आलेले राजर्षी शाहूही त्याच कागलकर घाटग्यांच्या घरातले. एवढे धागे हाताशी असून आम्हा कोल्हापूरकरांना राजसबाईंबद्दल दोन वाक्ये धड सांगता येत नाहीत, हे कबूल करतो.


आजीची_पेटी

मी थोडे विरुद्ध बाजूने लिहीत आहे, राग मानू नये.

वर दोन-तीनदा 'सवतीमत्सर' हा शब्द अशा सुरात आला आहे की जणू ती एखादी क्षुल्लक, बायकी गोष्ट आहे, आणि तिच्या पलीकडे गेले की मग 'खरे' राजकारण सुरू होते. मला ही विभागणीच मान्य नाही. माझ्या पणजीला सवत होती. घर मोठे नव्हते, चार बैलांची शेती आणि दोन खणांचे माजघर. पण कोठीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला, धान्य मोजताना मापाजवळ कोण बसणार, आणि दोघींपैकी कोणाच्या मुलाच्या नावाने सातबारा होणार, यावर त्या घरात पन्नास वर्षे जे चालले ते आमच्या आजीने आम्हाला सांगितले आहे. पणजी एक गोष्ट नेहमी म्हणायची, असे आजी सांगे: किल्ल्या वाजल्या की मला झोपेतही कळायचे त्या कोणाच्या कमरेला आहेत. याला मत्सर म्हणा, पण तो किल्ल्यांबद्दलचा मत्सर होता. नवऱ्याबद्दलचा कधीच विरून गेला होता.

जिथे वारस कोण हे आई कोण यावरून ठरते, तिथे सवत हे नाते राहत नाही, ते पद होते. ताराबाई आणि राजसबाई यांच्यात जे होते ते सवतींचेच भांडण होते आणि म्हणूनच ते राज्याचे भांडण होते. त्यामुळे कादंबरीकाराने सवतीमत्सर दाखवला ही त्याची चूक नव्हे. चूक ही, की त्याने नथ निवडली. किल्ल्या निवडायला हव्या होत्या.


वारणाकाठ

@आजीची_पेटी, राग मानण्याचा प्रश्नच नाही. तुमच्या पणजींच्या किल्ल्या वाचून मी माझे पहिले टिपण पुन्हा वाचले आणि त्यात मत्सर आणि राजकारण यांच्यात मी जी भिंत घातली होती ती पाडायला हवी, हे मान्य करतो. तरीही एक शंका उरते. पुरुषांच्या बाबतीत आपण असे लिहितो का? शाहूंनी आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांनी वारणेच्या काठी एकमेकांशी लढाई केली आणि मग १७३१ मध्ये वारणेचा तह झाला, तर त्याला कोणी 'भाऊबंदकीचा मत्सर' म्हणून चाळीस पाने रंगवत नाही. तिथे लगेच सरहद्द, चौथाई, किल्ले, नद्या यांची चर्चा सुरू होते. बायकांचे भांडण मात्र नाकापासून सुरू होते आणि नाकापाशीच संपते.


मोडीवाचक

या सवयीचे मूळ कादंबरीत नाही, बखरीत आहे. सोयराबाईंचे उदाहरण घ्या. शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर त्यांनी राजारामांना गादीवर बसवण्याचा प्रयत्न केला ही घटना खरी. परंतु त्यांनी महाराजांवर विषप्रयोग केला, आणि मग संभाजी महाराजांनी त्यांना भिंतीत चिणून मारले, अशा ज्या कथा पुढे पसरल्या त्यांना आकार दिला तो बखरकारांनी. यांपैकी मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहे, म्हणजे घटनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. शिवाय हे मल्हार रामराव शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या वंशातले, आणि बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहान्त शिक्षा दिली होती. लिहिणाऱ्याच्या घरात एक जुनी जखम होती, हे ती बखर वाचताना नजरेआड करता येत नाही.

याउलट संभाजी महाराजांचे १६८० सालचे जे संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे त्यात सोयराबाईंचा उल्लेख निर्मळ मनाची, स्फटिकासारखी, असा आदराने आला आहे, आणि दोष टाकला आहे तो मंत्र्यांवर. ज्या माणसाची गादी त्या बाईमुळे जाण्याच्या बेतात होती तो स्वतः असे लिहितो, आणि आपण मात्र तिला विषाची वाटी हातात धरलेली दाखवतो.

आणखी एक गोष्ट, जी मला नेहमी चकित करते. सोयराबाई या हंबीरराव मोहित्यांच्या बहीण, आणि ताराबाई या हंबीररावांच्या कन्या. १६८० साली हंबीरराव सेनापती होते. त्यांनी सख्ख्या भाच्याची बाजू सोडून संभाजी महाराजांची बाजू घेतली. पुढे त्यांची मुलगी त्याच भाच्याला दिली गेली. मुलीच्या जन्मघरातच एक बाजू हरलेल्या आत्याची आणि एक बाजू ती हरवणाऱ्या वडिलांची. ताराबाईंच्या बालपणावर लिहायला कादंबरीकाराला याहून वेगळे काय हवे होते?


रिकामा_वेळ

एवढी चर्चा झाली त्यात येसूबाईंचे नाव नाही, म्हणून लिहितो. संभाजी महाराजांच्या वधानंतर, १६८९ मध्ये, रायगडाला वेढा पडलेला असताना दीर राजाराम यांना गडाबाहेर काढून द्यावे हा निर्णय येसूबाईंचा मानला जातो. स्वतःचा मुलगा शाहू तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला पुढे करून बसल्या असत्या तर कोणी नावे ठेवली नसती. त्याऐवजी त्या मुलासह मोगलांच्या हाती पडल्या, आणि मुलगा १७०७ मध्ये सुटला तरी त्यांची सुटका होऊन त्या परत आल्या त्या १७१९ मध्ये. तीस वर्षे. ताराबाईंच्या गोष्टीत येसूबाईंना सहसा दोन ओळी मिळतात, कारण त्या कोणाशी भांडल्या नाहीत.


भंडारा

@रिकामा_वेळ, शेवटच्या वाक्याला दाद.

मी मूळ धाग्याकडे परत येतो. वर @आजीची_पेटी यांनी जे म्हटले त्याला माझ्याकडून एक पुरावा देतो, आणि तो धागाकर्त्यांना गैरसोयीचा आहे. १७४९ साल घ्या. शाहू महाराज निपुत्रिक आणि आजारी. रक्ताच्या नात्याने सर्वांत जवळचा वारस कोण? कोल्हापूरचे संभाजीराजे, म्हणजे राजसबाईंचा मुलगा. ते आले असते तर दोन्ही पाती एक झाल्या असत्या. शाहूंच्या राणी सकवारबाई यांचा कल त्यांच्याकडे होता. अशा वेळी पंचाहत्तरीला पोचलेल्या ताराबाई पुढे येतात आणि सांगतात, की माझा एक नातू लपवून वाढवलेला आहे, रामराजा. तोच पुढे गादीवर बसतो. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या सवतीने आपल्याला कैद केले तिच्या मुलाला साताऱ्याची गादी मिळू नये, ही इच्छा या सगळ्यात नव्हती असे कोण म्हणू शकेल? ही नथ नव्हे. पण हे केवळ चौथाई-सरदेशमुखीही नव्हे.

दुसरी गोष्ट शपथांची. या बाईंच्या आयुष्यात शपथा सारख्या येतात आणि प्रत्येक वेळी त्या खाण्याच्या पदार्थाशी किंवा देवाशी बांधलेल्या असतात. १७०७ मध्ये शाहू येत आहेत असे कळल्यावर ताराबाईंनी सरदारांकडून दूधभाताची शपथ घेवविली, असे सांगतात; ती शपथ खेडला टिकली नाही. रामराजाच्या वेळी तो आपला खरा नातू आहे याची खात्री लोकांना पटावी म्हणून त्यांनी फौजेसमक्ष त्याच्याबरोबर जेवून अन्नाची शपथ घेतली, असे ग्रँट डफने नोंदवले आहे. आणि तिसरी, सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला. मधल्या दोन वर्षांत त्यांनी त्याच रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले होते, पेशव्यांविरुद्ध उमाबाई दाभाडे आणि दमाजी गायकवाड यांची मदत घेऊन पाहिली होती, आणि शेवटी नानासाहेब पेशव्यांशी समेट करताना खंडोबाच्या देवळात त्यांनी कबुली दिली, की रामराजा हा आपला नातू नव्हे.

आम्ही जेजुरीकडचे. आमच्याकडे बेलभंडार उचलला म्हणजे विषय संपला, त्यावर पुन्हा कोणी बोलत नाही. एका बाईने एका मुलाबद्दल आधी अन्नावर एक सांगितले आणि मग देवासमोर त्याच्या उलट सांगितले. दोन्हींपैकी खोटी शपथ कोणती? की पहिल्या वेळी तिला स्वतःलाच तो नातू वाटत होता? कादंबरी लिहायची असेल तर ती या प्रश्नावर लिहावी.


मोडीवाचक

भंडारा यांच्या मुद्द्याला एक छोटी पुस्ती. कोल्हापूरकरांना साताऱ्यास आणू नये ही भूमिका एकट्या ताराबाईंची नव्हती. शाहूंनी मृत्यूपूर्वी पेशव्यांच्या नावे ज्या याद्या लिहून दिल्या त्यांतही कोल्हापूरचा वारस करू नये असा आशय आहे. तेव्हा 'सवतीच्या मुलाला गादी मिळू दिली नाही' एवढेच सूत्र धरले तर शाहूंचे काय करायचे? त्यांना तर सवत नव्हती.


आजीची_पेटी

@मोडीवाचक, त्यांना चुलतभाऊ होता. पणजीच्या घरातही सवतींच्या मुलांनी पुढे दोन चुली केल्याच.


पुसाटीबुरूज

एक प्रश्न विचारतो. १७१४ ते १७३० अशी सोळा वर्षे ताराराणी राजसबाईंच्या पक्षाच्या कैदेत होत्या. ही कैद नेमकी कशी होती, याचे चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. पन्हाळा तसा लहान नाही, पण तीन दरवाजापासून पुसाटी बुरुजापर्यंत पायी निघाले तर फार वेळ लागत नाही. ज्या गडावरून ताराराणींनी फर्माने काढली त्याच मुलखात त्या बंदिवान, आणि कारभार सवतीच्या हाती. सणवार तर येतच असणार. गौरी-गणपती, दसऱ्याचे सोने, संक्रांतीचे वाण. वाण लुटायला कोण जात असेल, आणि दार आतून उघडत असेल की बाहेरून? कादंबरीकाराने हळदीकुंकू लिहायचेच होते तर ते जिंजीचे कशाला, पन्हाळ्यावरचे लिहायचे.


वारणाकाठ

@पुसाटीबुरूज, हे वाचून अंगावर काटा आला. हळदीकुंकवाबद्दलची माझी तक्रार मी या एका सूचनेमुळे मागे घेतो. अर्थात दोघीही तोपर्यंत विधवा. हळदीकुंकवाचा मान दोघींचाही गेलेला. वाण सुनांनी दिले-घेतले असेल. संभाजीराजांच्या राणी जिजाबाई, ज्यांनी पुढे पतीच्या पश्चात कोल्हापूरचे राज्य स्वतः चालवले, त्या या घरात सून म्हणून आल्या तेव्हा त्यांनी काय पाहिले असेल, हाही एक विचार.

आणि त्या सोळा वर्षांचा शेवटही पाहा. १७३० मध्ये वारणेकाठी संभाजीराजांचा पराभव झाला, छावणीतल्या राजस्त्रिया साताऱ्याच्या फौजेच्या हाती सापडल्या, त्यात ताराबाई होत्या. त्यानंतर त्या साताऱ्यासच राहिल्या. ज्या पुतण्याशी खेडला लढाई केली त्याच्या छायेत राहणे त्यांनी पत्करले, सवतीच्या राज्यात परत जाणे नाही. आणि त्यानंतर एकतीस वर्षे जगल्या. शाहू गेले, रामराजाचे प्रकरण झाले, पानिपत झाले, नानासाहेब गेले, आणि मग डिसेंबर १७६१ मध्ये वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ताराबाई गेल्या. शिवाजी महाराज गेले तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. शिवकाळाच्या अखेरीपासून पानिपतापर्यंतचा सगळा पट एका माणसाच्या डोळ्यांखालून गेला.


रिकामा_वेळ

माझ्या मते आपण कादंबरीकारावर थोडा अन्याय करीत आहोत. राजसबाईंची अस्सल पत्रे किती मिळतात? शिवाजी विद्यापीठाने ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध केले, ताराबाईंची स्वतःची आज्ञापत्रे त्यात वाचायला मिळतात, शाहूंविरुद्धचा त्यांचा युक्तिवादही कळतो: थोरल्या महाराजांनी मिळवलेले राज्य संभाजी महाराजांच्या वेळी बुडाले, माझ्या पतीने ते पुन्हा उभे केले, म्हणून ते माझ्या मुलाचे. हा युक्तिवाद पटो न पटो, पण तो ऐकू येतो. राजसबाईंचा आवाज तसा ऐकू येत नाही. जिचा आवाज नाही तिला पात्र म्हणून उभे करायचे तर कादंबरीकार हाताशी असलेलेच सामान वापरणार, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार असलेले सामान म्हणजे सवत.


भंडारा

@रिकामा_वेळ, आवाज नाही म्हणूनच कादंबरी हवी. कागद असते तर इतिहास पुरला असता.

आणि सामान नाही असे तरी कसे म्हणावे? ताराबाईंचाच युक्तिवाद घ्या. राज्य माझ्या पतीने उभे केले म्हणून ते त्याच्या मुलाचे, असे एकदा म्हटले की राजसबाई विचारू शकतात: माझा मुलगा कोणाचा? ताराबाईंनी शाहूंविरुद्ध जे हत्यार घडवले त्याची दुसरी धार पन्हाळ्यावरच होती. ताराबाईंचा मुलगा दोन वर्षांनी थोरला, एवढाच काय तो फरक.


आजीची_पेटी

हे फारच नेमके. ज्या घरात थोरलीने दिराच्या मुलाचा हक्क नाकारला, तिथे धाकटीला रीत शिकवावी लागली नाही.


वारणाकाठ

आज सकाळी कादंबरी परत द्यायची होती, त्याआधी एकदा सगळी चाळली. राजसबाईंच्या तोंडी किती संवाद आहेत ते पेन्सिलने टिंबे देत मोजले. नंतर टिंबे खोडली, ग्रंथपाल बाई कडक आहेत. जिंजीचे प्रकरण सोडले तर उरलेल्या पुस्तकात राजसबाई अकरा वेळा बोलतात. त्यातले चार संवाद 'बरं' एवढेच आहेत. १७१४ च्या त्या दीड पानात, ज्या रात्री पन्हाळ्याची गादी त्यांच्या मुलाला मिळते त्या रात्री, त्या एकदाही बोलत नाहीत. खिडकीशी उभ्या राहून नथ काढून ठेवतात.

आणि त्या विधवा होऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती.